पाव फेऱ्याची चूक

६ जून

ताई, नमस्कार.

नणंदेला पत्र लिहायची ही माझी बावीस वर्षांतली पहिलीच वेळ, म्हणून आधीच सांगते, घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण टेस्टिंगच्या शेडमध्ये तुमचे कान गेले ते गेलेच, आणि मला जे विचारायचंय ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला तुमच्याकडून शिकायचंय. लेक शिकायला बाहेर गेली, तुमच्या भावाची बदली झाली, आणि मी तंत्रशाळेतली गणिताची नोकरी सोडून इथल्या जड गाड्यांच्या कारखान्यात डिझाइन विभागात लागले. हे तुम्हाला कळलं असेलच. कळलं नसेल ते हे, की सहा महिने मला पारखून बघणार आहेत. खाणीतून दगड वाहणारा नवा टिपर निघतोय आणि त्याचा प्रोपेलर शाफ्ट माझ्या गळ्यात पडलाय. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा तो फिरता नळा आणि त्याच्या दोन टोकांचे सांधे, सगळं मीच करायचं. शाफ्ट रस्त्यावरच्या चाचणीत पास झाला तर मी कायम. नाही झाला तर पेटी भरून नवऱ्याच्या दोन खोल्यांत जायचं. या वयात दुसरं कोणी मला डिझाइनच्या टेबलावर बसवणार नाही, आणि मला त्या टेबलावर बसायचंय, ताई. फार बसायचंय.

फळ्यावर मी हे सगळं अर्ध्या तासात समजावलं असतं. पण कोऱ्या स्क्रीनसमोर बसले की नळा किती जाड, सांधा कुठला, कोन किती, एकाचंही उत्तर येत नाही. सूत्रं तोंडपाठ, हात रिकामे. तुम्ही तीस वर्षं हेच केलंत. जमेल तेव्हा, जमेल तितकं सांगा.

तुमची,
धाकटी भावजय

•

१४ जून

मास्तरीणबाई,

बावीस वर्षं नणंद आठवली नाही आणि शाफ्ट गळ्यात पडल्यावर आठवली. असो, गरजवंताला अक्कल नसते असं म्हणतात, तुला निदान ती सुचली.

आता नीट ऐक. इंजिन-गिअरबॉक्स चेसिसला घट्ट बांधलेले, मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर खालीवर नाचणार. दोघांमध्ये सरळ दांडा घातलास तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून दोन टोकांना सांधे. प्रत्येक सांध्यात दोन दातांच्या काट्यासारखे दोन फोर्क आणि मध्ये त्यांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. पण या सांध्याची एक खोड आहे. तो कोनात फिरला की एकसारखं फिरवत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. पहिल्यानं केलेला हा खोडसाळपणा दुसऱ्या टोकाचा सांधा निस्तरतो, म्हणून दोन्हीकडचे कोन सारखे ठेवायचे. गिअरबॉक्सचा दांडा आणि अ‍ॅक्सलचा दांडा एकमेकांना समांतर असले की कोन आपोआप सारखे येतात.

तू विचारशील, मग कोन ठेवायचाच कशाला, सगळं एका रेषेत का नको. नवीन माणूस हे विचारतोच, मीही विचारलं होतं. क्रॉसच्या टोकांवर सुईएवढे बारीक रोलर असतात. कोन शून्य असेल तर ते हलतच नाहीत, एकाच जागी दाबून धरले जातात आणि तिथेच खड्डे पाडतात. सांध्याला थोडं वाकडं चालायला लागतं. एक ते तीन अंश ठेव, रिकाम्या गाडीलाही आणि भरलेलीलाही.

नळा लांब आणि बारीक केलास तर वेगात तो दोरीउडीच्या दोरीसारखा फुगतो. तेव्हा लांबीप्रमाणे जाडी. हे गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

सोबत माझी तीन जुनी ड्रॉइंगं पाठवते आहे. यातल्या दोन गाड्या अजून कुठेतरी धावत असतील. पत्रात किती लिहू, बाकीचं ड्रॉइंग बोलेल.

ताई

•

२ जुलै

ताई,

तू बरी असशील. मी बरा नाही, पण डॉक्टरकडे जावं असंही काही नाही. बदलीच्या गावात पाणीपुरवठ्याचं ऑफिस बरं आहे, खोल्या बऱ्या आहेत, फक्त त्यात मी एकटा आहे. सकाळी अंडी उकडतो, संध्याकाळी अंडी उकडतो. शेजारचा म्हणतो, तुम्ही कोंबड्याच का पाळत नाही.

मला वाटलं होतं, लेक गेल्यावर ही माझ्याकडे येईल. ही कारखान्यात गेली! मी आडवा आलो नाही. पण फोनवर ऐकतो ना मी, रोज डोकं दुखतं, रोज साहेब काहीतरी बोलतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिशीच्या पोरांमध्ये बसून बोलणी खायची, कशासाठी?

माझं ती ऐकणार नाही. तुझा शब्द मानते. तू लिही ना एकदा तिला, की बाई, हे काम या वयात नव्यानं शिकण्यातलं नाही. तू म्हणालीस तर तिला वाईट वाटेल, पण पटेल. मी म्हणालो तर नुसतंच वाईट वाटेल.

तुझा,
धाकटा

•

९ जुलै

धाकट्या,

मला वकील नेमलंस की जल्लाद?

तिला जमत नसेल तर मी तोंडावर सांगेन, माझी सवय तुला ठाऊक आहे. जमत असेल तर तुझ्या अंड्यांपायी खोटं बोलणार नाही. भात शिजवायला शीक. तांदळाच्या दुप्पट पाणी आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

तू मला लिहिलंस हे तिला सांगू नकोस. मीही सांगत नाही. ती एका बाजूनं विचारते आहे, तू दुसऱ्या बाजूनं. इकडे आड तिकडे विहीर. तुझं पत्र मी फाडून टाकलं आणि विषय संपला.

ताई

•

२३ ऑगस्ट

ताई,

नळ्याची जाडी ठरली, सांधा निवडला, कोन दोन अंश. रोलरच्या खड्ड्यांबद्दल मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा वहीतून मान वर केली. घरी येऊन मी एकटीच हसले.

तुमची ड्रॉइंगं भिंतीला लावली आहेत. अडले की आधी तिकडे बघते. परवा शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला माझ्या स्क्रीनवर नाक खुपसून ‘हे जरा विचित्र दिसतंय’ म्हणाला. मी त्याला सरळ तुमच्या ड्रॉइंगसमोर नेऊन उभं केलं. खाली सही तुमची, तारीख तेव्हाची. काय बिशाद पुढे बोलायची! गप्प बसला.

साहेबांनी मजबुतीचे आकडे तपासले आणि ड्रॉइंग वर्कशॉपला गेलं. पुढच्या महिन्यात शाफ्ट गाडीखाली बसेल. झोप उडाली आहे, पण चांगल्या कारणानं.

तुमची,
मास्तरीण (हे नाव मला आवडायला लागलंय)

•

१ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

पत्र दोनदा वाचलं. रिटायर झाल्यापासून कोणी माझी सही दाखवून कोणाला गप्प केलं नव्हतं. त्या चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग.

झोप काढ. शाफ्ट तुझ्या जागरणानं बॅलन्स होत नाही.

ताई

•

११ ऑक्टोबर

श्रीमती वन्सं यांस,

चाचणी काल झाली. रिकामी गाडी ताशी तीसच्या वर गेली आणि खालून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. चाळीसला ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा थरथरत होता. त्यानं गाडी थांबवली नसती तर काय झालं असतं कोण जाणे. गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग गेलंय, तेलाचा माग सगळ्या ट्रॅकवर.

आज दिवसभर मोजमाप केलं. धक्का दर फेऱ्याला दोनदा. म्हणजे दुसऱ्या सांध्यानं पहिल्याचा खोडसाळपणा निस्तरला नाही, दुप्पट केला. कारण नळ्याच्या दोन टोकांचे फोर्क एकमेकांशी काटकोनात आहेत. एका रेषेत हवे होते. मी ते काटकोनात ठेवले कारण तुमच्या ड्रॉइंगवर तसे आहेत. तिन्ही ड्रॉइंगवर.

संध्याकाळी यांना फोनवर सांगितलं. रडले, खोटं कशाला बोलू. माझी समजूत घालता घालता हे बोलून गेले की ‘मी ताईला जुलैतच लिहिलं होतं, तिला म्हण हे सोडून दे.’ मग मला सगळा हिशोब लागला. तुम्ही सोडून दे म्हणाला नाहीत. त्यापेक्षा सोपं काम केलंत. तीस वर्षं शाफ्ट करणाऱ्या बाईला फोर्क कसे असतात हे माहीत नाही, असं मी कसं मानू? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं तरी कोणाला.

सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचंय. तुमची ड्रॉइंगं भिंतीवरून काढली आहेत. परत पाठवते.

आपली,
(सही)

•

१६ ऑक्टोबर

मास्तरीण,

तुझं पत्र आज मिळालं. तू दिलेल्या शिव्या नंतर बघू, आधी फोर्कचं.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. शाफ्ट बाजूनं काढायचा. त्यात डावीकडचा फोर्क जसा दिसतो तसा, आणि उजवीकडचा कागदावर पाव फेरा वळवून. म्हणजे एकाच चित्रात एका फोर्कची छिद्रं दिसतात आणि दुसऱ्याची रुंदी. दुसरं चित्र काढायचा वेळ वाचतो. खरे फोर्क एकाच रेषेत, हे आमच्या वेल्डरपासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत, म्हणून तशी टीप कोणी लिहीत नसे. मीही लिहिली नाही. कोणी ते चित्र खरं धरून शाफ्ट बनवेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुला पाठवताना सांगायला हवं होतं. ‘बाकीचं ड्रॉइंग बोलेल’ असं ऐटीत लिहिलं, आणि ते खोटं बोललं.

ऑगस्टमध्ये तू लिहिलंस की कोणाला तरी काहीतरी विचित्र दिसलं. काय विचित्र दिसलं, एवढं मी विचारायचं होतं. मी माझ्या सहीचं कौतुक वाचण्यात गुंग होते. हे तुझ्या बेअरिंगपेक्षा मला जास्त लागलंय.

आता धाकट्याचं. हो, त्यानं लिहिलं होतं. मी नाही म्हणाले आणि तुझ्यापासून लपवलं. तुला कळलं तर तुमच्यात भांडण होईल आणि तुझं कामातलं लक्ष उडेल असं वाटलं. लपवलं ते चुकलं. पण मुद्दाम शाफ्ट बिघडवीन? त्या गाडीत माणूस बसतो, ग. भावासाठी मी पुष्कळ केलंय, हे केलं नसतं.

तुझ्या साहेबांचं नाव-पत्ता कळव. पद्धत आमची होती आणि सांगितलं मी नाही, असं मी सहीनिशी लिहून देते. तुझी नोकरी जाता कामा नये.

ताई

•

२८ ऑक्टोबर

ताई,

साहेबांना पत्र लिहू नका. सोमवारची गोष्ट आहे तशी सांगते, म्हणजे का ते कळेल.

मी म्हणाले, जुन्या ड्रॉइंगवरून फोर्क घेतले, चुकले. साहेबांनी विचारलं, ‘पुस्तक बघितलं नव्हतं?’ बघितलं होतं. फोर्क एका रेषेत ठेवावेत असा अख्खा परिच्छेद आहे त्यात. मी तो वाचला, भिंतीकडे बघितलं आणि ठरवलं की पुस्तकच चुकलं असेल. या ड्रॉइंगवर तीस वर्षं गाड्या चालल्यात, आणि शिवाय नणंदेला कुठे विचारत बसू, म्हणेल की गणिताच्या बाईला एवढंही कळत नाही. सूत्र घालून पाहिलं असतं तर एका दुपारचं काम होतं. मुलांना वीस वर्षं सांगत आले, पुस्तकामागचं उत्तर बघून लिहू नका. मी स्वतः तेच केलं. हे सगळं असंच्या असं साहेबांना सांगितलं, फक्त नणंद वगळून.

त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, जानेवारीअखेरपर्यंत मुदत वाढवतो, पुन्हा करा, दुसऱ्यांदा वाढवणार नाही.

मी तुमच्यावर घेतलेला आळ नीच होता. माफ करा. लपवल्याचा राग मात्र अजून आहे, तो एवढ्यात जाणार नाही. यांच्याशीही आठवडाभर बोलले नाही. मग यांनीच फोन करून सांगितलं की भात जमला. मी म्हटलं, मग आता मला कशाला बोलावता?

नवं ड्रॉइंग सोबत आहे. फोर्क एका रेषेत आहेत आणि तसं ठळक लिहिलं आहे. दोन्ही टोकांची वेगळी चित्रं काढली आहेत. लाल पेन घ्या आणि तपासा. कौतुक नको.

मास्तरीण

•

६ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

कौतुक नको म्हणालीस, बरं झालं, वेळ वाचला. तीन दुरुस्त्या आहेत, ड्रॉइंगवर लाल केल्यात.

पहिली, वेल्डिंगनंतर बॅलन्स तपासायचा हे लिहिलं नाहीस. दुसरी, क्रॉसला ग्रीस भरायचं तोंड गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा बाजूला घे. आत्ता ते चेसिसकडे आहे, कोणी भरणार नाही. तिसरी, सरकता सांधा. अ‍ॅक्सल खालीवर झाला की शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं, त्यासाठी तू सत्तर मिलिमीटर जागा सोडलीस. एवढी कशाला? पंचेचाळीस पुष्कळ झाले. मी जन्मभर पंचेचाळीसच ठेवले. सांधा जेवढा बाहेर निघतो तेवढा खिळखिळा होतो.

धाकट्याला मी वेगळं पत्र टाकलंय. काय लिहिलं ते विचारू नकोस. विचारलंस तर सांगेन, लपवणार नाही.

ताई

•

२ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

शाफ्ट पास झाला. मी कायम झाले. कागद काल मिळाला, पर्समध्ये ठेवलाय आणि दर तासाला उघडून बघते आहे.

आता कबुली. तुमच्या पहिल्या दोन दुरुस्त्या केल्या. तिसरी केली नाही. पंचेचाळीस वाचून पहिल्यांदा हात आपोआप आकडा बदलायला गेला. मग थांबले, आणि खाली यार्डात जाऊन चाचणीचाच टिपर मागून घेतला. गाडी भरून मागचं एक चाक दगडावर चढवलं, मग खड्ड्यात सोडलं, आणि दर वेळी खाली झोपून मोजलं. कपड्यांचं काय झालं ते सोडा. आमच्या या गाडीच्या पाट्या लांब आहेत, अ‍ॅक्सल तुमच्या गाड्यांपेक्षा बराच जास्त फिरतो. एकूण सरक एकसष्ट भरली. पंचेचाळीस ठेवले असते तर भरल्या गाडीत सांधा आत ठेचला असता आणि पुन्हा गिअरबॉक्सच गेला असता. म्हणून सत्तरच ठेवले. खिळखिळेपणा येऊ नये म्हणून आतली पकड लांब केली. तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तुम्ही समजावलं असतंत, आणि मी ऐकलं असतं.

चाचणीला हेही आले होते, रजा काढून. ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे. साठच्या वर वेग गेला तेव्हा मी रडत होते आणि हे मागे वळून विचारत होते, ‘अगं, ते तुझं यंत्र कधी चालू करणार?’ मी म्हटलं, मघापासून तेच फिरतंय. मग पार ट्रॅक संपेपर्यंत हे खिडकीतून वाकून खाली बघत राहिले. उतरल्यावर म्हणाले, इकडे परत बदली मागतो, मिळायला वर्ष लागेल. मी म्हटलं, लागू दे.

रागावला असाल तर रागवा. पण आकडे सोबत जोडलेत, ते तपासून मग रागवा.

मास्तरीण

•

१० फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

रागावले. ‘केली नाही’ हे दोन शब्द वाचले आणि पत्र टेबलावर आपटून चहा करायला उठले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालेसुद्धा. मला ऐकू आलं नाही, शेजारणीला आलं असेल.

मग बसून तुझे आकडे तपासले. पाट्यांची लांबी घालून, दोन्ही बाजूंनी. एकसष्टच येतात. माझे पंचेचाळीस त्या गाडीला कमी पडले असते.

माझ्या हाताखाली पंधरा-सोळा जण होते. मी लाल पेननं जे लिहीन ते सगळे मुकाट्यानं करायचे. खाली जाऊन कोणी मोजून बघितलं नाही, आणि ‘नाही’ तर कोणीच म्हणालं नाही. मी समजत होते की माझं चुकत नाही, म्हणून म्हणत नाहीत. घरी येऊन धाकट्याला ऐटीत सांगायचे, माझ्या विभागात वाद होत नाहीत. आज तुझं पत्र पुढ्यात घेऊन बसले आणि त्या पोरांचे चेहरे आठवायला लागले. त्यातल्या कितींना सत्तर दिसले असतील आणि त्यांनी पंचेचाळीस केले असतील, आता कळायचा मार्ग नाही. फार वाईट वाटलं, ग. तुला लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

तू कायम झालीस याचा मला इतका आनंद झालाय की तो लिहिता येत नाही. पुढची गाडी कुठली दिली ते कळव, ड्रॉइंग पाठव, लाल पेन भरून ठेवलंय. आणि मी लिहीन ते आधी खाली जाऊन मोज, मगच आकडा बदल.

ताई